पेटीतला कांदा

तीर्थस्वरूप नाथामामांना वेदिकाचा साष्टांग नमस्कार. मामींच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला का? इथे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. योगेशची विशेष उत्तम.

आपल्या शब्दाखातर आपल्या या चिरंजीवांना मी सातपूरच्या आमच्या कारखान्यात चिकटवले. तिथली माझी पेटी आपण पाहिलेली नाही, म्हणून सांगते. अंतराळात सांडलेला थेंब खाली पडत नाही, तरंगत कुणाच्याही नाकात जातो. म्हणून यानात प्रयोग बंद काचपेटीत करतात आणि पेटीलाच बसवलेल्या लांब हातमोज्यांत बाहेरून हात घालून काम करतात. आतली हवा बाहेर नाही, बाहेरची आत नाही. अशी एक पेटी बनवण्यात माझी तीन वर्षे गेली. ती पास झाली असती, तर पुढच्या पेटीचा आराखडा माझ्याकडे येणार होता.

तपासणीच्या दोन दिवस आधी खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा, मग सर्वांना मिसळ. (पेटीला हळदकुंकू लावायचे नाही, असे मी निक्षून सांगितले होते आणि ते सर्वांनी पाळले. कांद्याबद्दल मी काही बोलले नव्हते.) मी आरती करून परतले, तर योगेशचे दोन्ही हात कोपरांपर्यंत हातमोज्यांत, आणि आत आपल्या चांदवडच्या कांद्याचा ढीग. "ताई, डोळ्याला टिपूस नाय! लय भारी पेटी बनवली तू." कौतुक मनापासून होते, हेच वाईट. मालक झुंबरशेठ म्हणाले, "याला म्हणतात डोकं. तीन वर्षांत तुम्हाला सुचलं का हे?"

दसऱ्याची सुट्टी संपताच तपासणीच्या साहेबांनी उपकरण लावले, मग नाक लावले. "मॅडम, आत कांदा कापलाय का?" मी हो म्हणाले. विनोद समजून ते हसले आणि हसून झाल्यावर त्यांनी पेटी नापास केली. (रबरात मुरलेला वास धुऊन जात नाही.) पेटीला कुलूप का नव्हते, असे झुंबरशेठनी मलाच विचारले.

आता कारखाना हॉटेलांसाठी कांदा कापायच्या पेट्या काढतो आहे. प्रमुख योगेश. मी त्याच्या हाताखाली हातमोजे तपासते. तो मला अजून ताईच म्हणतो, संस्कार आपले.

आपली भाची,
वेदिका

ता. क. : बंगळूरच्या एका संस्थेने पुढच्या गुरुवारी मला मुलाखतीला बोलावले आहे. रजेवर योगेशची सही लागते आणि तो "कशाला?" विचारतो. तरी आपण बुधवारी गंभीर आजारी पडावे, म्हणजे मला चांदवडला जायचे आहे असे सांगता येईल.

ता. क. २ : आपण त्याचे वडील आहात हे आत्ता लक्षात आले. तोच आधी धावत सुटेल. तरी निघण्यापूर्वी ताईच्या रजेवर सही करून ये, असे कण्हत का होईना, पण त्याला आठवणीने सांगावे.