निंबाभाऊ, पाय थांबू देणार नाही

प्रिय निंबाभाऊ,

रविवारी आपली दौड आहे आणि झेंडी माझ्या हातात दिलीय. तुम्हाला जाऊन जेमतेम दीड महिना झाला, आणि खात्यातले सगळे म्हणतात, "सुनंदाताई, आता पुढे तुम्हीच." मी कुठली हो पुढे पळणारी! पॅकिंगमध्ये बसून खोकी बांधणारी बाई मी. तुमचा रागच आला. तो काढायला दुसरं कोण आहे? म्हणून हे पत्र.

हे खूळ मुळात तुमचंच. डोकमर्डीत तुमच्या खोलीशेजारी बहिऱ्या मुलांची शाळा. तिथली छोटी जमना तुमच्या हाकेला वळून बघत नाही, याचं तुम्हालाच वाईट वाटायचं. मुलांना कानाची यंत्रं हवीत म्हणून तुम्ही थेट कारखान्याच्या शेठकडे गेलात. धुळ्याचा माणूस, भीड कशी ती नाहीच! शेठ हसले. म्हणाले, खडोलीपासून डोकमर्डीपर्यंत पळून दाखवा, यंत्रं मी देतो. "पण रस्तामां ऊभा रह्या तो कंई नहीं मळे!" वाटेत थांबलात की संपलं.

आणि तुम्ही रस्ता कुठून काढलात? सायलीवरून, आपल्याच कारखान्याच्या गेटासमोरून! पाळीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवायला हव्यात म्हणे. हौस बघा!

त्या पहिल्या वर्षी खडोलीहून निघालो तेव्हा मी साडीचा काचा मारला होता आणि तुमच्या कॅनव्हासच्या बुटातून अंगठा बाहेर डोकावत होता. मागून शेठची फियाट. सायलीपर्यंत सगळं झकास चाललं होतं. गेट आलं आणि नेमका चहाचा भोंगा झाला.

भाऊ, मी अजून हसते! थांबायचं नाही म्हणून सगळ्यांना दम देणारे तुम्ही, सर्वांत आधी आत वळलात. तुमच्यामागे आम्ही सगळे, ओळीने, अगदी रोजच्यासारखे. कँटीनवाल्यानेही सवयीने कप भरले. माझा पहिला घोट झाला आणि दारात शेठ दिसले.

जमनाचा चेहरा समोर आला. एका चहापायी गेली तिची यंत्रं!

तुम्ही मात्र कप हातात धरून जागच्या जागी उड्या मारत होतात. सदऱ्यावर चहा, मिशीवर चहा! ते पाहून आम्हीही सुरू झालो. सगळं कँटीन धडधडायला लागलं.

"सेठ, खाले पाय तं पहा!" तुम्ही ओरडलात. "थांबेल कोन शे?"

शेठनी वाकून सगळ्यांचे पाय पाहिले. मग पोट धरून हसले आणि कप मागत म्हणाले, "मने पण चा आपो!" तेही दोन उड्या मारून गेले हो, सांगू का कुणाला?

यंत्रं आली. पहिल्या दिवशी तुम्ही जमनाला गेटापाशी घेऊन आलात. भोंगा झाला तशी ती दचकली आणि तुमचा सदरा धरला. मग वर बघून तिने बोटाने खूण केली, पुन्हा! आता तो पुन्हा कसा वाजवायचा? तुम्हीच तोंडाने भोंगा काढत बसलात, तिचं मन भरेपर्यंत.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला चटईवर ठेवलं, तेव्हा मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं आणि रडले. इतके शांत पाय तुमचे कधी पाहिले नव्हते. जायची एवढी कसली घाई होती? यंदा जमना पहिल्यांदा आपल्याबरोबर पळणार होती, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?

ती पळणार आहेच, माझ्या शेजारून. काल विचारत होती, भाऊंसारखं आत वळायचं का? तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. रविवारी गेटासमोर भोंगा झाला की आम्ही आत वळणार. दोन कप घेणार, एक तुमचा. तो जमना पिणार आहे, तिने आधीच सांगून ठेवलंय. पण भाऊ, शब्द देते, दोघींचेही पाय थांबणार नाहीत.

तुमची,
पॅकिंगवाली सुनंदा