नकाशावरचा आमचा बाण

१२ जानेवारी, अकोला

समाजाचा वधू-वर मेळावा. मी प्रमुख वक्ता. विषय, ‘आपलं मूळ’. ठरवलं अण्णांनी. ते समितीत, आणि पोरगा अमरावतीला प्राध्यापक. फुकटात वक्ता मिळाला.

सकाळी पोहे खाता खाता लॅपटॉपवर नकाशा बघत होतो, अण्णा चष्मा लावून मागं उभे.

“हे बाण कायचे?”

सांगितलं. बापाकडून मुलाकडे डीएनएचा एक तुकडा जवळपास जसाच्या तसा जातो, त्यावरून बापाची, आज्याची, पार मागची शाखा कळते. त्यासाठीच कोरकू, गोंड, माळी, मोमीन, आपले, सगळ्या पुरुषांची थुंकी गोळा केली. कोरकूंची बरीचशी शाखा पूर्वेकडची, म्हणून हा बाण. आणि हा वायव्येकडून आलेला आपला. माझ्याच थुंकीवरून काढलाय.

“म्हंजे आपन बाहेरचे?”

“हजारो वर्षांची गोष्ट आहे अण्णा. तसे सगळेच बाहेरचे.”

“असतीन. पन तिथी पोरीवाले बसून राहतीन. दाखवू नोको ते.”

आमचा बाण काढला. मग वाटलं, इतरांचे ठेवले तर कोणी विचारेल, आपला कुठं आहे? म्हणून माळ्यांचा, मोमीनांचा, गोंडांचाही काढला. कोरकूंचा ठेवला. हॉलमध्ये कोरकू कोणी येणार नव्हतं.

भाषण झकास झालं. टाळ्या, शाल, नारळ. जेवायला वडा-भात.

१३ जानेवारी, अमरावती

सुषमाला सांगितलं. (ती बायको आहे म्हणून सांगावं लागतं, नाहीतर तोंड बघूनच ओळखते.) म्हणाली, “अकोल्यात अण्णा म्हणाले अन् तुमी पुसलं? एवढे मोठे झाले तरी?”

वेळ कमी होता, स्लाइड हलकी केली, असं काहीतरी बोललो. ती भाजी निवडत राहिली.

१६ जानेवारी

पेपरात आलं. आमच्या जिल्हा पुरवणीचं पहिलं पान. “कोरकू मूळचे बाहेरचे : प्राध्यापकांचं संशोधन.” खाली माझा शालीतला फोटो.

असं मी म्हणालो नाही. पण मी दाखवलं काय? एक नकाशा, एक बाण. दुसरं कोणी काय छापणार होतं?

आईकडून येणाऱ्या डीएनएवरून पाहिलं तर कोरकू इथलेच, आपल्या सगळ्यांसारखे. तेही मी म्हणालो नाही. आमच्या समाजाचे दोन नमुने कोरकूंच्याच शाखेत निघालेत, तेही नाही. हे तर मला तोंडपाठ होतं.

स्टाफरूममध्ये पेढे मागून राहिले लोक.

१९ जानेवारी

मोतीलालचा फोन. माझा जुना विद्यार्थी, बी.एस्सी.ला पहिल्या बाकावर बसायचा. आता धारणीला जीप चालवतो. त्याच्याच जिपेत बसून, त्याच्याच ओळखीनं मी त्याच्या गावात घराघरात गेलो. त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, “सर अपने हैं.”

आज म्हणाला, “सर, पेपर पाहिला.”

मी खुलासा करायला लागलो. तो ऐकत होता. मग म्हणाला, “बाजारात एक पुढारी पेपर फिरवून राहिला. म्हणतो, जंगलाच्या जमिनीचे दावे काय करता, तुमी तं बाहेरचे, तुमच्याच सरनं लिहिलं.”

“मी नाही लिहिलं रे.”

“हां सर.” आणि फोन ठेवला. कधी असा ठेवत नाही. ‘घरी सगळे बरे?’ विचारल्याशिवाय ठेवतच नाही.

२० जानेवारी

पटेल आठवतोय. मोतीलालच्या गावाचा पटेल, म्हणजे आपल्याकडचा पाटील, म्हातारा, एक डोळा अधू. थुंकी द्यायच्या आधी विचारलं होतं त्यानं, “थूक का क्या करोगे, साहब?” मी म्हणालो, जे निघेल ते आधी तुम्हाला येऊन सांगेन, मग जगाला. त्यानं नळीत थुंकी टाकली, तोंड पुसलं, चहा पाजला.

आधी त्यांना. हे माझे शब्द. कोणी बळजबरीनं वदवून घेतले नव्हते.

२२ जानेवारी

पेपरच्या कचेरीत गेलो. उपसंपादक चांगला बोलला. “सर, मथळा आमी देतो. तुमी बाण तं दाखवला ना?”

“दाखवला.”

“मंग?”

मंग काय. चहा पिऊन परत.

सु. म्हणाली, “नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ पाहू नये म्हनतात. तुमाले पाहाचं होतं तं सगळ्याचं पाहाचं होतं.” खरं आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आयुष्यभर मुलांना वर्गात निःपक्षपणावर भाषणं दिली, आणि बापानं डोळे वटारले तसा हात माऊसवर गेला. लाज वाटते. सरळ लाज.

३० जानेवारी, धारणी

बसनं आलो. सेमाडोहच्या पुढं घाटात पोट ढवळलं. अण्णांना याहून वाईट घाट लागतो. आम्ही लहान असताना चिखलदऱ्याला निघालो होतो, परतवाड्याच्या जरासं पुढं गाडी थांबवून ओकले, आणि तिथूनच सगळ्यांना घेऊन परत. त्यानंतर डोंगराकडे तोंड केलं नाही.

मो. स्टँडवर होता, पण जिपेतून उतरला नाही. मी जाऊन शेजारी बसलो.

त्याच्या अंगणात सागाचं एक लाकूड आडवं पडलंय. सोललेलं, घासलेलं, कोरलेलं नाही. मला वाटलं घराच्या खांबाला. म्हणाला, नाही, बापाचं आहे.

बाप गेला त्याला बराच काळ झाला. यंदा सिडोली करायची होती. लाकडावर चांद-सूरज कोरायचे, मेलेल्याच्या नावानं तो खांब गावाबाहेर झाडाखाली पुरायचा, गोताच्या सगळ्या लोकांनी यायचं, खायचं-प्यायचं, नाचायचं. ते झालं की बाप पितरांत बसतो. तोवर असाच फिरत राहतो, असं त्यांचं म्हणणं.

“कोरनारा येत नाही आता. पटेल म्हनला, ज्यानं गावाची थूक बाहेरच्याले दिली, त्याच्या बापाच्या सिडोलीले गाव येनार नाही.”

“पण थुंकी तर सगळ्यांनी आपणहून दिली.”

“मी सांगितलं म्हनून दिली, सर.”

त्याची बायको चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं नाही. कप जमिनीवर ठेवला, हातात नाही दिला.

घरी यायच्या बसमध्ये तो कपच आठवत होता.

१ फेब्रुवारी, अकोला

अण्णांना सांगितलं. खुलासा छापायला देतोय, त्यात आपलाही बाण येणार.

“काहून? तुले कोनी विचारलं का?”

“मोतीलालच्या बापाची सिडोली अडली अण्णा, माझ्यामुळं.”

“तो त्यायच्या गावाचा मामला हाय.”

“तुम्ही म्हणालात म्हणून मी आपला बाण पुसला.”

हे बोलायला नको होतं. अण्णा हळूच म्हणाले, “मी म्हनलो होतो आपला पुस. त्यायचा ठेव असं मी नोहतो म्हनलो.”

तोंडात मारल्यासारखं झालं. बरोबर आहे. कोरकूंचा बाण ठेवणं, तेवढी अक्कल माझी स्वतःची.

आई मधे पडली, “जेवून घ्या रे आधी.” भाकरी, वांग्याची भाजी. 

८ फेब्रुवारी

खुलासा छापून आला. आतलं पान, निविदांच्या शेजारी. पण पूर्ण आला, कापला नाही. कोरकूंचा बाण, आमचा बाण, सगळ्यांचे बाण. आईच्या बाजूनं सगळे इथले. आमच्यातले दोघे कोरकूंच्याच शाखेचे (नावं दिली नाहीत, देणारही नाही). आणि शेवटी, मेळाव्यात मी आमच्या समाजाचा बाण जाणून लपवला, त्याबद्दल दिलगीर आहे.

संध्याकाळी आईचा फोन. समितीतला कोणी देवळात अण्णांना म्हणाला, “काहो, मंग आपन कुठचे म्हनाचं आता?” चारचौघांत हसला. अण्णा घरी येऊन पलंगावर आडवे झाले. जेवले नाहीत.

“त्यायले दे फोन.”

“नाही म्हनतात.”

११ फेब्रुवारी

मोतीलालला खुलाशाचा फोटो पाठवला होता. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

स्टाफरूममध्ये आता पेढे कोणी मागत नाही. एक जण म्हणाला, “सर, उगीच बाहेरचे-आतले काढलं, सुखाचा जीव दुखात.” मी म्हटलं, काढलं ते चांगलं होतं, लपवलं ते वाईट होतं. त्याला काही कळलं नाही. मलाही बोलल्यावरच कळलं.

१५ फेब्रुवारी, मोतीलालचं गाव

मो.नं काल फोन केला. एवढंच, “या सर. पटेल पंचायतीले बसनार आहे.”

मोठा नकाशा छापून घेतला, सगळ्या बाणांसकट. पटेलच्या ओट्यासमोर जमिनीवर पसरला, चार दगड ठेवले. बरीच माणसं जमली. बायका मागं.

मी हिंदीत बोललो. हा तुमचा बाण, हा माझा. मी आधी तुम्हाला सांगेन म्हणालो होतो, नाही सांगितलं. माझा बाण मेळाव्यात लपवला, तुमचा दाखवला. चूक माझी, मोतीलालची नाही. तुमच्या मोतीलालनं मला आपला समजून आणलं, मी परक्यासारखा वागलो.

पटेल वाकून नकाशा पाहत राहिला. आमच्या बाणावर काठीचं टोक ठेवलं.

“ये तेरा?”

“हां.”

“इधर से आया तेरा बाप का बाप?”

“उसका भी बाप. बहोत पीछे.”

मागं कोणी हसलं. मला वाटलं, झालं, मिटलं. कसला मूर्ख मी.

पटेल म्हणाला, “तेरा बाप जिंदा है?”

“हां.”

“तो तू काहे बोल रहा है? बाप के रहते बेटा कुल की बात नहीं बोलता. हमारे में नहीं बोलता. तूने हमारे बाप-दादा की बात सभा में बोली, तेरा बाप सामने बैठा था?”

“हां.”

“तेरा बाप इधर आके बोले. बोले कि हम भी बाहर से, तुम भी बाहर से. बाप बोलेगा तो हम मोती के बाप का खंबा उठाएंगे.”

मी म्हटलं, ते म्हातारे आहेत, घाट लागतो त्यांना. मोतीलालनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. पटेलनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तोही म्हातारा, असं असावं.

मो. स्टँडपर्यंत सोडायला आला. म्हणालो, “अण्णा नाही येणार रे. बोलतच नाहीत माझ्याशी.”

“मालूम आहे सर.” मग म्हणाला, “माझा बाप पन नाही यायचा कोनाकडे. लय अकडू होता.” पहिल्यांदा हसला. हसून झाल्यावर डोळे पुसले.

उतरताना त्यानं माझी बॅग हातात दिली.

१७ फेब्रुवारी

अण्णांना फोन केला, आईनं घेतला. सगळं सांगितलं, लाकूड, पटेल, सगळं. ती म्हणाली सांगते. मागं टीव्हीचा आवाज होता, तो मधेच बंद झाला. म्हणजे ऐकत होते.

सु. म्हणते, नका लावू त्यायच्या मागं, म्हातारा माणूस आहे. मग तीच म्हणते, पन त्या पोराचा बाप तसाच फिरून राहिला ना. तिला दोन्हीकडून बोलता येतं. मला कुठूनच येत नाही.

आपली चूक आपण निस्तरावी, हे मला कळतं. पण ही अशी की माझ्या हातानं निस्तरतच नाही. बापाच्याच तोंडून निघावी लागते, आणि बाप मीच दुखावलेला.

२१ फेब्रुवारी

सकाळी मो.चा मेसेज. लाकडाला उन्हानं भेग पडायला लागली म्हणून ओली पोती टाकलीत. बाकी काही नाही, विनंती नाही, तगादा नाही.

मेसेज आईला वाचून दाखवला फोनवर. “बरं,” म्हणाली.

२४ फेब्रुवारी

दुपारी वर्गावर असताना अकोल्याहून फोन. अण्णांचाच नंबर. बाहेर व्हरांड्यात येऊन घेतला.

आधी नुसते खाकरले.  

“त्या पोट्ट्याचं लाकूड फाटलं का?”

“नाही अजून. पोती टाकलीत.”

“हं.”

 मला वाटलं ठेवला. मग म्हणाले, “धारणीचा रस्ता कसा हाय रे आता?”

खोटं बोलणार होतो. चांगला झाला, सरळ आहे, झोपून जाल. तोंडापर्यंत आलं होतं.

“खराब आहे अण्णा,” म्हटलं. “सेमाडोहनंतर लय वळणं आहेत.”

“हं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.