वाकडी रिम

अहो,

खाली गाडी विटांवर दिसेल, घाबरू नका, चोरी झालेली नाही. दोन्ही चाकं मीच मेकॅनिककडे आणली आहेत. मागची रिम आता सरळ व्हायची नाही म्हणाला. दर रविवारी तुम्ही स्पोक आवळत बसता ना, त्यानं ती आणखीच वाकली म्हणे! नवीन रिम टाकायला सांगितलंय, जुनी भंगारात जाईल. मागू नका.

आपण पडलो तेव्हापासून तुम्ही मला मागे बसवलेलं नाही. विचारलं की सगळं त्या चाकावर ढकलता. अहो, माझा पाय कधीचाच बरा झालाय.

मी इथे मेकॅनिकच्या दुकानातच ठाण मांडून बसते, नाहीतर तो आठवडा लावेल. संध्याकाळी चाकं घेऊनच येईन. जेवण झाकून ठेवलंय. आणि माळ्यावरचं माझं हेल्मेट तेवढं पुसून ठेवा.