गोय शब्दापायी गारठलेलं जेवण

आदरणीय हेर्शेलदादांस,

जेरुसलेमहून धाकट्या फ्रादेलचा शालोम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची जीभ ठणठणीत असेलच. (तिला कधी काही झाल्याचं ऐकिवात नाही.)

कळवायचं ते आमच्या शिफ्राच्या लग्नाचं. नवरामुलगा रोमान दातांचा डॉक्टर. बाप ज्यू, पण आई रशियन ख्रिस्ती, म्हणजे शास्त्राप्रमाणे तो आपला नाही. बिचारा रीतसर धर्म घ्यायला शिकतोय, तरी आमचे हे त्याला नावानं हाक मारत नाहीत. 'तो गोय', म्हणजे ज्यू नसलेला परका, म्हणतात, जिन्यात शिरलेल्या मांजराबद्दल बोलावं तसं. गेल्या शब्बाथला रोमान आणि त्याचे गुरू, म्हातारे रब्बी, जेवायला होते. त्यांच्यासमोर ह्यांनी व्युत्पत्ती काढली : गोय आला 'गेविया'वरून, गेविया म्हणजे नुसतं धड, आत आत्मा नाही. रब्बींनी चमचा खाली ठेवला. "झेलिग, धर्मग्रंथात गोय म्हणजे राष्ट्र. अब्राहामला देव म्हणाला, तुझा मोठा गोय करीन. सीनाय पर्वतापाशी आपल्यालाच म्हणाला, पवित्र गोय व्हा. पुढं आपण तो शब्द इतर राष्ट्रांना लावला, मग त्यांतल्या एकेका माणसाला."

हे म्हणाले, "देवाला तेव्हा आपलं घरचं यिडिश येत नव्हतं."

तेवढ्यात हीटर बंद पडला. (टायमर ह्यांनीच चुकीचा लावला होता.) बाहेर जानेवारी. शब्बाथ विश्रांतीचा दिवस, आपण बटणाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला स्पष्ट सांगायचंही नाही, फार तर सुचवायचं. आणि घरात बटण दाबू शकणारा माणूस एकच : तो गोय.

"गारठा आहे, नाही?" ह्यांनी छताकडं बघत सुचवलं.

"धडाला काय कळणार," रोमान म्हणाला आणि सूप पीत राहिला.

शिफ्रा बापाकडं बघेना. रब्बी शाल गुंडाळून बसले, पण मध्ये पडले नाहीत. शेवटी दात वाजायला लागले तेव्हा हे म्हणाले, "जावईबापू, खोली फार गार झालीय." रोमान मुकाट्यानं उठला आणि बटण दाबून आला. शिफ्रा स्वयंपाकघरात जाऊन रडली, तिच्यामागून मीही. मी ह्यांना किती वर्षं सांगतेय, माणूस बघावा, कूळ बघू नये.

तुमची,
फ्रादेल

ता. क. लग्नाला सगळ्यांनी यायचं.

ता. क. दुसरा : खरं तर त्याआधीच या, एकटे. आमच्या लेकानं, आन्शेलनं, परस्पर मुलगी ठरवलीय. ज्यूच आहे, रब्बीची नात आहे, पण पोलंडातल्या गॅलिशियाकडची. दादा, ते लोक माशात साखर घालतात. तो तुमचं ऐकतो, तेवढा मोडता घाला.