नलूबाईंचं तरट

कडेगाव, गुरुवार, ११ जुलै १९७४

आज साहेब तपासणीला आले आणि माझ्या चौथीत पाच मिनिटंही टेकले नाहीत. नलूबाईंच्या दुसरीत मात्र तासभर रमले. वर आम्हा सगळ्यांना ऐकवलं, "वाचन असं घ्यावं!" असं म्हणजे कसं? खुर्ची सोडून पाच-सहा पोरांना घेऊन तरटावर बसायचं, बाकीच्यांना पाटीवर लिहायला लावायचं, पुस्तक आपल्या मांडीवर उघडायचं आणि पोर अडलं तरी तोंड मिटून वाट बघायची. यात एवढं काय? काल-परवा आटपाडीहून बदलून आलेली बाई, आणि सगळी शाळा तिच्या त्या तरटाचं कौतुक करतेय.

मीही उद्यापासून गट करणार. मघापासून तेच मांडतेय. अडखळणारी पोरं वेगळी बसवावीत, की हुशारांत मिसळावीत? तिला विचारलं तर सांगेल. पण विचारणार नाही, जीव गेला तरी नाही.

माझी सुमी तिच्याच वर्गात. आत्ता सोप्यात शेजारची पोरं जमवून शाळा-शाळा खेळतेय. कोठीतलं तरट ओढून आणलंय, पुस्तक मांडीवर. एक पोर अडलं तर गप्प बसून वाट बघतेय. हुबेहूब ती!

"सुमे, तू कोण गं?"

"मी नलूबाई."

"मग मी कुठं बसू?"

तिनं मान वरही केली नाही. "तू तुझ्या खुर्चीवर बस की. तरटावर जागा न्हाई."

आणि मी खरंच जाऊन बसले.