शेंदराखालचा राखणदेव

तीर्थरूप आबा,
साष्टांग दंडवत.

गेल्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी बिंदुसरा नदीत अंघोळ करून गावाबाहेरच्या आपल्या राखणदेवापुढे जाऊन बसलो. हातात कोमट तेलाची वाटी होती, शेंदूर नव्हता. तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, "शेंदूर कावून न्हाई आणला रं?" दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून हे पत्र.

लहानपणी पूजेच्या वेळी तुमच्या मागे उभा राहून मी विचारायचो, हा देव कोण? आला कुठून? तुम्ही शेंदराचं बोट माझ्या नाकाला पुसायचात! "नदीचं मूळ आन् ऋषीचं कूळ इचारू न्हाई." मग आबा, मला इतिहासाचा मास्तर तरी कशाला होऊ दिलंत? आमचा धंदाच तो!

एकदा बीडला आलात आणि माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभे राहिलात, आठवतं? मी सरकारी हुकमाप्रमाणे उर्दूतून दिल्लीच्या बादशहांची वंशावळ सांगत होतो. तुम्हाला एक शब्द कळत नव्हता, तरी मान डोलावत होतात. घरी आल्यावर म्हणालात, "लई मोठे लोक हायेत रं तुझ्या वळखीचे. आता आपल्या खापरपणज्याचं नाव सांग बरं." मला सांगता येईना. "मलाबी येत न्हाई," म्हणून केवढे हसलात!

यंदा वर्गात एका पोरानं विचारलं, "मास्तर, आपल्या मुलखात काईच घडलं न्हाई का?" पुस्तकात उत्तर नव्हतं. म्हटलं, आपापल्या गावचे जुने दगड नीट बघून या, काही कोरलंय का. पोरं सांगत आली: कुठे घोडा, कुठे तलवार. मग मलाच विचारलं, "तुमच्या गावचा कसा हाय?"

शेंदराच्या त्या जाड कवचाखाली काय आहे, मला कुठे ठाऊक होतं? आणि खरं सांगू? भीती वाटत होती. तुमच्यामागे पूजा माझ्याकडे आलेली. खाली नुसता धोंडा निघाला तर? तुम्ही जन्मभर हात जोडलेत ते कुणाला? आणि माझे हात पुन्हा जुळतील का?

तुमच्या बहिणीला, सोनाआत्याला विचारलं, शेंदूर काढून बघू का? ती कडाडली, "बाप जाऊन वरीस न्हाई झालं, आन् निघाला देव सोलाया!" पण शुक्रवारी माझ्या आधी तीच तिथं येऊन बसलेली! म्हणाली, "तुझं चुकलं तर देवाची माफी मागाया कुनी नगं का?"

तेल मुरू दिलं. मग बांबूच्या कामटीनं हळूहळू कवच सुटं केलं. थरावर थर! वरचे तुमच्या हातचे, खालचे आजोबांच्या, आणि त्याखालचे? कोण कोण येत असेल इथं सकाळी अंघोळ करून?

तळाच्या चौकटीत गाई दिसल्या. त्यांच्या पुढे ढाल-तलवार घेतलेला एकटा माणूस, समोर दरोडेखोर. मधल्या चौकटीत, लढताना पडलेल्या त्याला दोन अप्सरा धरून स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर महादेवाची पिंड, आणि तिच्यासमोर तोच माणूस, हात जोडून बसलेला.

आत्यानं वाकून वरच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अगं बया! ह्यो तर आपल्यावानीच बसलाय की रं!"

तुम्हाला हे माहीत होतं का हो, आबा? आपण ज्याच्या पाया पडत आलो, तोही कुणापुढे तरी वाकलाय. माझे हात कधी जुळले, मला कळलं नाही. शेंदराचं कवच आत्यानं पदरात घेतलं आणि नदीत सोडलं.

पण कोण हा? गाई त्याच्या की साऱ्या गावाच्या? एकटाच का धावला? आईनं अडवलं नसेल? दगडावर एक अक्षरही नाही. आत्या म्हणते, "आपल्याच कुळीतला म्हून सांग पोरांना. कोन बगाया येतंय?" मोह झाला, आबा. देवाला आपला पूर्वज म्हणायला कुणाला आवडणार नाही?

काल तासाला पुस्तक मिटून ठेवलं. फळ्यावर तो दगड काढला आणि सगळं मराठीतून सांगितलं. पोरं टाक दौतीत बुडवून थांबली. "नाव काय त्याचं?"

"मला माहीत न्हाई," मी म्हणालो. "तेवढी जागा रिकामी ठेवा." मास्तर झाल्यापासून वर्गात असं कधी बोललो नव्हतो. पोरांनी प्रश्नांचा असा गलका केला, की शेजारच्या वर्गातले मौलवीसाहेब बघायला आले!

आबा, दर शुक्रवारी मी दिवा लावीन, तेल घालीन. त्याचं तोंड मात्र पुन्हा झाकणार नाही, आणि त्याला खोटं नाव कुणालाही देऊ देणार नाही. तुम्हाला तिकडे तो भेटला, तर तेवढं विचारून ठेवा. मी आलो की सांगा.

तुमचा,
रंगनाथ