निळ्या गाडीचा पट्टा आणि माझी लेखी कबुली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, आज शुक्रवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून आणि डोकं ठिकाणावर ठेवून हा कागद लिहायला बसले आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा! हात थरथरतात ही गोष्ट खरी, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं आहे. पण थरथर मनगटाच्या खालीच आहे, वर नाही, आणि तसा दाखला समोरच्या डॉक्टरांनी दिला आहे. गेल्या वर्षी केलेलं मृत्युपत्र, ज्यात माझ्या पश्चात गॅरेज विकून टाकावं असं लिहिलं होतं, ते मी याद्वारे रद्द करते. ते लिहिताना मी शुद्धीवर होते, पण रुसलेली होते.

ज्याला आम्ही घरात जे म्हणतो तेच इथे लिहिलं आहे. पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर टाइप करून जोडले आहेत. माझ्या यजमानांचा उल्लेख ‘हे’ असाच येईल. ते जाऊन दहा वर्षं झाली, तरी माझी जीभ काही सुधारली नाही.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलाला मिळावी. तो कचेरीत काम करतो, नखं स्वच्छ ठेवतो, आईवर जीव टाकतो, आणि स्क्रू सैल करायला कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याला आजही हवेत बोट फिरवून आठवावं लागतं. तो माझ्या सासूबाईंवर गेला आहे. त्याने हे कलम वाचून तोंड वाकडं करू नये. आईने लेकाला नाही बोलायचं तर कोणाला बोलायचं?

कलम २. पुलापलीकडच्या मिस्त्रीने सोळा वर्षांपूर्वी माझा पुली ओढायचा पुलर एका दिवसासाठी नेला आणि दोन महिन्यांनी, त्याचा एक पाय मोडून, “ताई, असाच होता” म्हणत परत आणून दिला. तो पुलर मी तेल लावून जपून ठेवला आहे. माझ्या पश्चात तो मिस्त्रीलाच द्यावा, वर कागद चिकटवून: “असा नव्हता.”

कलम ३. माझ्या स्वकष्टाने उभं राहिलेलं गॅरेज, म्हणजे दोन गाड्यांची जागा, मधला खड्डा, पान्यांचं कपाट, जॅक आणि दारावरची पाटी, हे सगळं मी माझ्या सुनेला देते. एकटीला. कारण द्यायलाच हवं, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, म्हातारीला सुनेने फूस लावली.

सोमवारी सकाळी बाजारातून परतताना आमची निळी गाडी चालता चालता गपकन बंद पडली. ना खोकली, ना अडखळली. चार भल्या माणसांनी ढकलत गॅरेजपर्यंत आणली. वय बत्तीस वर्षे, गाडीचं. संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, पुरे आता. तुझे हात बघ. गुरुवारी चार वाजता भंगारवाल्याला बोलावतो. तोवर चालू झाली, तर मी गॅरेज बंद करायचा विषय परत काढणार नाही. नाही झाली, तर गाडी जाऊ दे आणि शटरला कुलूप लाव.” मी चिडून म्हटलं, “दिला शब्द!” शब्द देऊन लगेच पस्तावले, हे आज कबूल करते. कुलूप लावून मी दिवसभर करणार काय होते? भिंतीकडे बघत बसणार?

मंगळवारी मी तपासायला घेतली. कार्ब्युरेटर उघडला, आत पेट्रोलचा थेंब नाही. टाकी भरलेली, नळ्या साफ. म्हणजे पंप, असं ठरवून मी मोकळी झाले. नवा पंप आणला. पाना माझ्या हातात नाचायला लागला, म्हणून सुनेला म्हटलं, “अगं, जरा धर.” ती आमच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत शिलाईचं काम करते. लोकांचे कपडे शिवते, खुर्च्यांची कव्हरं शिवते. तिने पंप बसवला, सेल्फ मारला, आणि नवा पंपही कोरडाच!

बुधवारभर मी त्या पंपाला शिव्या घातल्या. दुपारी सून जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली. “आई, परत एकदा सेल्फ मारा ना.” मी मारला. इंजिन कसलाही जोर न लावता भर्रर्र फिरलं. ती म्हणाली, “किती हलकं फिरतंय हो. माझ्या मशीनचं असं होतं. पायडल भराभर फिरतं आणि सुई जागची हलत नाही. तेव्हा पट्टा गेलेला असतो.”

मी हसले. तुच्छतेने हसले, खोटं कशाला लिहू. टायमिंग बेल्ट म्हणजे खालच्या क्रँकची गती वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला नेणारा दातेरी पट्टा. तो तुटला की क्रँक फिरतो पण वरचं सगळं जागच्या जागी. आणि आमच्या गाडीचा पंप कॅमशाफ्टच्याच ढकलण्यावर चालतो. हे मला पाठ आहे. पण या गॅरेजची एक शिस्त आहे: पट्टा बदलला की बॉनेटच्या आत पांढऱ्या रंगाने किलोमीटर लिहायचे. मी बॉनेटकडे बोट दाखवलं. “हे वाच. एक लाख सेहेचाळीस हजारला बदललाय. आणि आता मीटर बघ, एक लाख अठ्ठेचाळीस. दोन हजार किलोमीटरमध्ये पट्टा तुटतो होय गं?”

ती मीटर बघून आली आणि ओठ चावत म्हणाली, “आई, रागावू नका. मी लग्न होऊन याच गाडीतून आले ना, तेव्हा घाबरून सारखी त्या आकड्यांकडेच बघत होते. एक चार आठ, तीन एक दोन. आजही तेच आहेत.”

तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली.

वेगाचा काटा नीट हलत होता, म्हणून आकडे मेलेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीचा मीटर मी आधी तपासते, आणि घरच्या गाडीचं हे असं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं, तिला आत कॅमशाफ्टकडे बघायला लावलं आणि सेल्फ मारला. “काही फिरतंय?” “काहीच नाही.” पुढचं कव्हर उघडलं तर पट्ट्याच्या चिंध्या तिच्या मांडीवर पडल्या. मी जोरात हसत सुटले, आणि मग स्टूल ओढून खाली बसले.

का बसले, ते सांगते. पट्टा धावत्या गाडीत तुटला की बहुतेक इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह खालून येणाऱ्या पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. मग पट्टा बदलून उपयोग नसतो. मग भंगारवालाच बरा.

गुरुवारी सकाळी सुनेने काम सुरू केलं आणि मी स्टुलावर बसून तोंड चालवलं. तिने पुल्यांवरच्या खुणा शिवणाच्या खडूने ठळक केल्या, क्रँकची खूण क्रँकला आणि कॅमची कॅमला जुळवली, नवा पट्टा चढवला, तो ताणून धरणारा टेन्शनर आवळला. ताण कसा बघायचा हे मी शिकवायच्या आतच तिने पट्टा दोन बोटांत धरून पिळून पाहिला. तेवढ्यात बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो वाजला. चारला दहा कमी. मुलगाही कचेरीतून लवकर आला होता. मी घाई केली, “जमलंय, मार सेल्फ!”

ती म्हणाली, “नाही जमलं. वरची खूण एक दात पुढे आहे.”

“अगं, दारात माणूस उभा आहे!”

“उभा राहू दे. एक टाका चुकला की अख्खी बाही फिरते, आई. उसवून परत घालू.”

भंगारवाला आत येऊन म्हणाला, “उसवा, उसवा, मला घाई नाही,” आणि माझ्याच स्टुलावर बसला. तिने पट्टा काढला, एक दात मागे घेऊन परत घातला. तिचं बरोबर होतं. माझा चष्मा कपाळावर होता. त्याच वेळी मी मनात गॅरेज तिच्या नावावर केलं. गाडी चालू होण्याआधी, हे वकीलबाईंनी लक्षात घ्यावं.

मग मी तिला क्रँकला मोठा पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायला सांगितले. “सावकाश. कुठे लोखंडाला लोखंड लागतंय असं वाटलं तर थांब.” पहिला फेरा. दुसरा. कुठेही अडलं नाही. दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्या. मुलाला चावी दिली. त्याने फिरवली. आणि निळी गाडी अशी सुरू झाली, जणू सोमवारी काही झालंच नव्हतं. सून तेलकट हातांनी माझ्या गळ्यात पडली. भंगारवाल्याने टाळ्या वाजवल्या. मुलगा आतून ओरडला, “आई, व्हॉल्व्ह वाकले नाहीत! बाबा बरोबर होते!” आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसता हसता रडला. मीही रडले. फार आनंद झाला मला.

म्हणून गॅरेज सुनेला. तिने शिलाईचं मशीन अंधाऱ्या खोलीतून काढून पुढच्या उजेडात, खिडकीपाशी लावावं आणि गाड्यांच्या सीटची कव्हरंही शिवावीत. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये, उद्याच लावावं. मी आहे तोवर स्टुलावर बसून तोंड चालवीन, तो हक्क मी राखून ठेवते. आणि यापुढे बॉनेटमध्ये किलोमीटर नाही, तारीख लिहायची.

कलम ४. निळी गाडी मुलाला आणि सुनेला मिळून. भंगारात देऊ नये. मीटरचे आकडे दुरुस्त करू नयेत. ते माझ्या तोऱ्याला औषध म्हणून तसेच राहू द्यावेत.

कलम ५. शेवटचं. दहा वर्षं वापरलेली ही गाडी विकत आणली त्या दिवशी हे म्हणाले होते, “हिच्या पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी खाचा आहेत. पट्टा तुटला तरी इंजिन वाचतं, म्हणून हीच घेतली.” मी म्हटलं, “विकणाऱ्याने तुम्हाला गुंडाळलं.” हा वाद आम्ही बारा वर्षं, जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर, चवीने घातला. मी प्रत्येक पट्टा वेळेआधी बदलला, तुटू म्हणून दिलाच नाही, त्यामुळे वादही मिटला नाही. हे दवाखान्यात होते तेव्हासुद्धा मला म्हणाले, “एक दिवस तुटेल बघ. तेव्हा नुसतं तोंडी नको. मला लेखी पाहिजे.”

तर अहो, पट्टा तुटला. इंजिन वाचलं. तुम्ही बरोबर होतात. हे घ्या लेखी.

(सही)

साक्षीदार पहिला: भंगारवाला. गाडी न्यायला आला होता, चहा पिऊन रिकाम्या टेम्पोने गेला, आज सहीसाठी हौसेने परत आला. (सही)

साक्षीदार दुसरे: समोरचे डॉक्टर. बाईंचं डोकं ठिकाणावर असल्याचं यांनीच लिहून दिलं आहे. (सही)

सून आणि मुलगा यांना यात मिळायचं आहे, म्हणून त्यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत. दोघं बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत आहेत.

ठिकाण: गॅरेज, खड्ड्याशेजारचं टेबल. शुक्रवार, सकाळी साडेदहा. पुढचं काही सुचलं तर परत आल्यावर लिहीन. आधी एक चक्कर मारून येते.